कोच टिडवेल यांची गाय

“कोच, तुमची ती गाय नक्की मेली तरी कधी?”

प्रश्न मार्नी हॅस्केटने विचारला खरा, पण पैज प्रिसिलाची होती. प्रिसिला आणि बाकीच्या मैत्रिणी कुंपणाला टेकून तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. विचारून दाखव म्हणाल्या होत्या, तिने विचारून दाखवलं. सोळाव्या वर्षी, संघाच्या पाण्याच्या बाटल्या आणि मलमपट्टीची पेटी सांभाळायला लागल्यापासून, मार्नीला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती.

ड्राय बेंड हायस्कूलचा अमेरिकन फुटबॉलचा हंगाम संपत आला होता. मैदानावरचं गवत जाऊन नुसती धूळ उरली होती आणि वारा ती उचलून सगळ्यांच्या दातांत भरत होता. लंबगोल चेंडू छातीशी धरून पोरं एकमेकांवर आदळायची, उठायची, पुन्हा आदळायची. सगळे थकले होते. मुख्य कोच, म्हणजे मार्नीचे वडील ग्रेडी हॅस्केट, तर उभ्याउभ्या झोपतील असे दिसत होते. अशा वेळी हसवायचं काम एकट्या कोच टिडवेल यांचं. हे म्हातारे साहाय्यक कोच एके काळी याच शाळेकडून खेळले होते आणि पुढे ग्रेडीही त्यांच्याच हाताखाली शिकले होते. कुणी मुलगा सुस्तपणे वळला की ते ओरडायचे, “अरे बाळा, माझी म्हातारी गाय तुझ्यापेक्षा चपळ वळते!” मग क्षणभर थांबून, “आणि ती मेलीय!” आताशा ते थांबले की बाकावरची पोरंच एका सुरात म्हणायची, “आणि ती मेलीय!”

टिडवेल हसले नाहीत. टोपी मागे सरकवून म्हणाले, “कुठली गाय, पोरी?”

“तीच हो, तुमच्या विनोदातली!”

“तो विनोद मी इथे सांगितलाय?”

“अहो कोच, मघाशीच सांगितलात. कालही, परवाही.”

“मग पोरं हसतात कशाला?”

पोरं विनोदाला हसत नव्हती, त्यांच्या विसरण्याला हसत होती.

टिडवेल उपड्या बादलीवर बसले. “नडीन म्हणते मला, तेच तेच सांगतोस. बायको आहे, म्हणायचीच, म्हणून मी सोडून देतो. आता गाडीही तीच चालवते. मागे एकदा मी आमच्याच गल्लीत घर शोधत बसलो होतो.” ते हसले, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. “आमच्या वेळी डोक्यावर डोकं आपटलं की कानात सूं व्हायचं. आम्ही म्हणायचो, घंटा वाजली. घंटा वाजली की घोटभर पाणी प्यायचं आणि परत आत जायचं. बाहेर बसला तो भित्रा! मला वाटायचं, घंटा वाजते आणि थांबते. थांबत नाही गं ती. तुमचं बरं आहे, तुमच्यात ती ऑगस्टची परीक्षा असते.”

ती परीक्षा कशी होते, हे मार्नीला चांगलं माहीत होतं.

हंगामाआधी, ऑगस्टमध्ये, प्रत्येक खेळाडूला बसवून शब्द लक्षात ठेवायला लावतात, आकड्यांची उलटसुलट कोडी घालतात. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की पुन्हा तसंच विचारायचं. गुण घसरले की मुलगा बाहेर. यावर ड्राय बेंडच्या पोरांनी केव्हाच तोड काढली होती. मोठी पोरं लहानांना शिकवायची, ऑगस्टमध्ये मुद्दाम चुकायचं! मुळातच गुण कमी असले की घसरणार कुठून? मार्नीचा भाऊ कोल्बी तर डोळे मिटून उत्तरं देत होता आणि मागे उभी असलेली मार्नी पोट धरून हसत होती. कोच मंडळी तेव्हा दाराबाहेर कॉफी पीत उभी असायची. कधीच आत डोकावायची नाहीत.

“काय म्हणाले गं? कधी मेली गाय?” कुंपणाशी परत येताच प्रिसिलाने विचारलं.

“तुम्ही पुन्हा मला असलं काही विचारायला सांगू नका,” मार्नी म्हणाली आणि बाटल्या उचलून चालू लागली.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती परीक्षेचं सगळं सांगणारच होती. पण वडिलांनी ताट बाजूला सारून नेहमीचा डाव मांडला होता. मिठाची बाटली म्हणजे कोल्बी, केचपची बाटली म्हणजे सँडी फोर्क संघाचा तो आडदांड बचावपटू.

“सगळ्यांना वाटणार, चेंडू कोल्बीकडेच जाणार,” वडील मीठ पुढे सरकवत म्हणाले. “कोल्बी रिकाम्या हातांनी मधून घुसणार, केचप त्याच्यावर धावून जाणार, आणि चेंडू जाणार डावीकडे! मीठ नसेल तर डावच नाही.”

“मीठ तयार आहे, सर!” कोल्बी तोंडातला घास न गिळताच म्हणाला.

“ग्रेडी, जेवण गार झालं,” आई म्हणाली. डार्ला हॅस्केट हे वाक्य सबंध हंगामभर म्हणत असे.

वडिलांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून मार्नी गप्प बसली. उद्या जिंकलं तर पुढची फेरी, हरलं तर हंगाम संपला. अशा वेळी कोण बोलणार?

शुक्रवारी अख्खं गाव मैदानावर होतं. शेवटच्या सत्रात ड्राय बेंड एका टचडाउनने, म्हणजे चेंडू रेषेपार नेण्याच्या एका खेपेने, मागे होतं आणि चेंडू सँडी फोर्कच्या रेषेजवळ आला होता. कोल्बी चेंडू घेऊन मधून घुसला आणि केचप त्याच्यावर असा आदळला की तो आवाज मार्नीला बाकापर्यंत ऐकू आला. कोल्बी उठला. हात उंचावून त्याने गावाला दाखवलं, काही झालं नाही! गावाने टाळ्या वाजवल्या. खेळ थांबवून त्याला बाजूला आणलं गेलं.

मार्नीने पाणी दिलं. त्याने विचारलं, “मार्न, आपण पुढे आहोत ना?”

“मागे आहोत. एका टचडाउनने.”

त्याने घोट घेतला, हसला, आणि म्हणाला, “मार्न, आपण पुढे आहोत ना?”

तोच सूर, तेच हसू. हे हसू तिने आदल्या दिवशी उपड्या बादलीवर बसलेलं पाहिलं होतं.

शाळेच्या उपचारक मिस ओर्टेगा यांनी कोल्बीला शब्द वाचून दाखवले आणि परत म्हणायला सांगितले. जेमतेम दोन आठवले. त्यांनी हातातल्या टॅबलेटच्या पडद्यावर पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. “मला हे पटत नाही, कोच. पण ऑगस्टमध्येही ह्याला दोनच आले होते.”

“म्हणजे काही फरक नाही?” ग्रेडी हॅस्केट घाईघाईने म्हणाले. “कोल्बी, हेल्मेट घाल. आता आपला तो डाव!”

कोल्बीने बाकावर हात फिरवला. हेल्मेट नव्हतं. ते मार्नीने पोटाशी घट्ट धरलं होतं.

“मार्नी, आत्ता थट्टा नको. दे इकडे.”

“नाही, सर.” घरी ती त्यांना डॅडी म्हणे. “ऑगस्टची परीक्षा खोटी होती! तो मुद्दाम चुकला होता. सगळेच चुकतात. आणि हे सगळ्यांना माहीत आहे!”

मिस ओर्टेगा यांचा चेहरा पांढरा पडला. ग्रेडी मात्र आश्चर्याने थांबले नाहीत, नुसती नजर वळवली. त्यावरून मार्नीला कळलं की डॅडींनाही माहीत होतं.

“काहीही बडबडते ही!” कोल्बी ओरडला. “मी ठीक आहे, कोच! आपण पुढे आहोत!”

त्याच्या डोक्यामागे मोठ्या फलकावर, लखलखत्या दिव्यांत, ड्राय बेंड मागे असल्याचं साऱ्या जगाला दिसत होतं.

टिडवेल पुढे आले.

“ग्रेडी, मी आज गायीचं सांगितलं का रे?”

“हो, कोच.” मुख्य कोच झाल्यावरही ग्रेडी त्यांना कोचच म्हणत.

“कितीदा?”

ग्रेडींनी खाली पाहिलं.

“तू भला माणूस आहेस, म्हणून मला बोलून दाखवत नाहीस,” टिडवेल म्हणाले. “गाव हसून सोडून देतं. अरे, आपण म्हणतो, पोरांना धाडस शिकवतो. धावत जाऊन भिंतीवर आदळायला धाडस कशाला लागतं? मी हवा तेवढा आदळलो. ‘मला बरं वाटत नाही’ म्हणायला ते लागतं. ते मला कुणी शिकवलं नाही, मी तुला शिकवलं नाही, आणि तू ह्याला शिकवत नाहीयेस. आज हरलास तर गाव तुला वर्षभर बोलेल. बोलू दे. हा पोरगा हरवला, तर तेच गाव पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या कुणाला तरी टाळ्या वाजवेल. मला विचार ना! माझ्यासाठीही वाजल्या होत्या.”

पंच शिट्टी वाजवत होता. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, “अरे, कोल्बीला पाठवा! हेल्मेट घेऊन ती पोरगी काय करतेय?”

ग्रेडी हॅस्केट यांनी मुलाकडे पाहिलं. बहुधा त्या हंगामात पहिल्यांदाच त्यांना तिथे मिठाची बाटली दिसली नाही.

“कोल्बी,” ते म्हणाले, “बस खाली, बाळा.”

ड्राय बेंड हरलं.

शनिवारी सकाळी हॅस्केटांच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ अशी पाटी ठोकलेली होती. हरलेल्या कोचला ‘गाव सोडा’ असा निरोप गाव असाच पाठवतं. ग्रेडींनी ती उपटली आणि आधीच्या हंगामांतल्या पाट्यांशेजारी गॅरेजमध्ये टेकवून ठेवली. मग स्वयंपाकघरात येऊन बसले. पडदे ओढलेल्या खोलीत कोल्बी झोपला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की त्या अवस्थेत आणखी एक धडक बसली असती, तर तो कदाचित उठलाच नसता.

“मी दाराबाहेर कॉफी पीत होतो, डार्ला,” ग्रेडी टेबलाकडे पाहत म्हणाले. “आतून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता. मला कळत होतं ती का हसताहेत. मी आणखी एक कप घेतला.”

“मीही दर ऑगस्टला तुला तोच थर्मास भरून दिला,” आई म्हणाली. ती दमून खुर्चीत बसली. “आणि कधी विचारलं नाही.”

ग्रेडींनी मिठाची बाटली उचलली आणि फळीवर, जागच्या जागी ठेवली. पाठमोरे असतानाच म्हणाले, “तिने हेल्मेट दिलं असतं, तर मी ते त्याला घातलं असतं. माझ्या हातांनी.”

मंडळी, ड्राय बेंड लांब आहे, पण ही कॉफी आपण सगळेच पितो. आत काय चाललंय ते कळत असतं, आणि आपण दाराबाहेर उभे राहतो. दुखलं ते लपवणाऱ्याला आपण शूर म्हणतो आणि सांगणाऱ्याला रडका. लक्षात ठेवा, मुलाचा जीव कुठल्याही विजयापेक्षा मोठा असतो, आणि ‘थांबा’ म्हणणारं पोरसुद्धा संघाचंच असतं. त्याचं ऐकायला आपण मोठ्यांनी शिकलं पाहिजे!

दारात मार्नी उभी होती. तिने सकाळीच सायकलवरून मिस ओर्टेगा आणि कोच टिडवेल यांची घरं गाठली होती. केसांत धूळ होती, गाल लाल झाले होते.

“मॉम, डॅडी, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “परीक्षा पुन्हा होणार. पुढच्या ऑगस्टला नाही, याच सोमवारी, सगळ्या वर्गांतल्या खेळाडूंची. मिस ओर्टेगा हो म्हणाल्यात. मी दार उघडं ठेवून तिथे बसणार, आणि जो मुद्दाम चुकेल त्याचं हेल्मेट माझ्याकडे. डॅडी, तुम्हाला कॉफी प्यायची असेल तर आत येऊन प्यायची. आणि परीक्षेआधी कोच टिडवेल पोरांना गायीची गोष्ट सांगणार आहेत, खरी, पहिली घंटा वाजली तिथपासून. ते मध्ये विसरले, तर पुढचं मी सांगणार आहे. पण ती मेलीय म्हटल्यावर कुणी हसायचं नाही.”