माझी झोप मला ठाऊक

माझ्या दुखण्याची खडान्‌खडा माहिती माझ्यापेक्षा माझ्या सासूला होती. आमच्या तापीकाठच्या प्रकाशा गावात रीतच तशी. दवाखान्यात सुनेनं डोईवरून पदर ओढून खाली बघत बसायचं आणि तिचं पोट, पाठ, पाळी सगळं सासूनं सांगायचं. सुनेनं तोंड उघडलं की घराण्याचं नाक कापलं गेलंच.

पोरगा झाल्यापासून माझ्यात जीव नव्हता. चूल पेटवायला बसले की तिथंच बसून राहायची. दगूबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ठरवून टाकलं होतं. काही दुखणं नाही असं डॉक्टर म्हणाला, की ही कामचुकार. मग हिला रनाळ्याला माहेरी धाडायचं आणि पोरगा इथं ठेवायचा. त्यांच्यापुढे माझा नवरा ब्र काढत नव्हता. दवाखान्याबाहेर गाडी जुंपून तयार होती.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं तेव्हा हा पुण्याकडचा डॉक्टर आला. कुणी पायात काटा मोडून आलं तरी झोपेचं विचारायचा. गाव हसायचं. त्याचं म्हणणं, मनाचं दुखणं कंबरेचं नाव सांगून येतं, म्हणून सगळ्यांनाच विचारायचं.

"झोप लागते?" त्यानं मला विचारलं.

"लागस ना. दिवसभर पडेल राहस," सासूबाई म्हणाल्या.

"जेवण जातं?"

"भाकर खास ना. आम्ही काय उपाशी ठेवतस का?"

"रडू येतं?"

"कसानं रडू? सोनासारखा पोऱ्या शे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. झोप माझी, रडू माझं आणि उत्तरं हिची.

"जगावंसं वाटतं?"

"वाटस ना."

"नही," मी म्हणाले. पदर मागे सारून सासूबाईंकडे वळले. "आत्या, मन्हं मन तुम्हले काय ठाऊक? माले झोप नही. घास उतरस नही. डोयासमोर तापीना डोह दिखस."

डॉक्टर सासूबाईंकडे वळला. "हा आजार आहे, आळस नाही. औषध देतो. पोर हिच्याजवळच राहील, आणि दर बाजाराच्या दिवशी हिला इथं आणायचं."

"पण गाडी जुपेल शे. रनाळाले," सासूबाई पुटपुटल्या.

"माले जानं नही," मी म्हणाले आणि त्यांच्या मांडीवरून माझा पोरगा उचलून घेतला. कितीतरी दिवसांनी मला भूक लागल्यासारखं वाटलं.

त्या उठू लागल्या, तर डॉक्टरनं हातानं खूण करून त्यांना बसवलं.

"आता तुमचं सांगा. झोप लागते?"

घरात सगळ्यांची उत्तरं देणाऱ्या दगूबाईंनी डोईवरचा पदर पुढे ओढला. ओठ हलले, डोळे भरले आणि त्या माझ्याकडे बघू लागल्या. जणू आता मी सांगावं. मला वाईट वाटलं. पण मी सांगणार नव्हते. तोंड त्यांनाही होतं, आणि ते किती चालतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.