वरचं जरा कमी करा

सासूबाई सुनेला ‘तुम्ही’ म्हणायच्या. लग्नाला वर्ष होत आलं तरी आपलं ‘तुम्ही बसा’, ‘तुम्ही राहू द्या’, ‘तुमचा चहा निवतोय’. पोटच्या लेकाला ऊठसूट ‘अरे गाढवा’ म्हणणारी ही बाई, सुनेपुढे आली की बँकेच्या काउंटरवर उभी असल्यासारखी बोलायची. मैत्रिणी म्हणत, नशीबवान आहेस! कसलं डोंबलाचं नशीब? सुनेला त्या घरात पाहुणी असल्यासारखं वाटायचं. एकदा तरी ‘अगं’ ऐकायला मिळावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

हिवाळा सरत आला की बागेतली उरलीसुरली फुलं कापून टेबलावर मांडायची आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं, हा त्या घरातला वर्षाचा सोहळा. फुलं मांडायच्या सासूबाईच. यंदा त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून काम सुनेकडे आलं. त्यात जेवायला सासूबाईंची नणंद येणार होती, आणि तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नसे.

सून पार्लरमध्ये केस कापायची. फुलांचं तिला काय कळतंय? तरी सकाळीच तिने शेवंती, डेलिया, झेंडू, गवताचे तुरे असं हात भरून गोळा करून आणलं आणि मातीच्या उंच फुलदाणीत एकेक खोचत गेली. मांडणी उभी राहिली. सासूबाई खुर्चीतून मान वाकडी करकरून बघत होत्या.

“छान झालंय हो,” त्या म्हणाल्या. “फक्त वरचं जरा कमी करा. बाजूचं असू द्या.”

आता हे वाक्य सून रोज ऐकते! गिऱ्हाईक खुर्चीत बसलंय, अदबीने सांगतंय, वरचं जरा कमी करा. डोकं जागं होईपर्यंत हात चालूसुद्धा झाला. दोन बोटांत शेंडे धरून तिने कचाकच कात्री फिरवली, मागे सरून दोन्ही बाजू सारख्या झाल्या का तेही पाहिलं. टेबलावर शेवंतीची मुंडकी पडली होती आणि फुलदाणीत वर नुसते दांडे.

“अगं बाई! काय केलंस हे!” सासूबाई कडाडल्या. “चार फुलं उपसून काढशील म्हटलं, तर मुंडकीच उडवलीस? अक्कल काय पार्लरमध्ये ठेवून आलीस?”

आणि त्यांनी जीभ चावली. चेहरा पार उतरला. “चुकलं माझं. माझ्या सासूबाई मला उठताबसता टाकून बोलायच्या. तेव्हाच ठरवलं होतं, आपण सुनेवर आवाज चढवायचा नाही. तुम्ही मनाला लावून...”

सून रडत होती आणि रडता रडता हसत होती. “आई, पुन्हा ‘तुम्ही’ म्हणालात ना, तर बॅग भरीन मी. रागवा हो मला. वर्षभर वाट बघतेय.”

सासूबाईंनी डाव्या हाताने तिच्या पाठीत एक हलकीशी चापट दिली. “वेडी का खुळी गं तू?”

तेवढ्यात नणंद दारात हजर. “अगंबाई, फुलदाणीला टक्कल पडलं की काय? कुणाचे हे प्रताप?”

“माझ्या सुनेचे,” सासूबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. “आणि एक शब्द बोलू नका, वन्सं. तिला ओरडायला मी आहे.”