आरशावरची पट्टी

शर्यतीच्या ट्रॅकवर सोडण्याआधी तिथल्या तपासनिसाने माझ्या गाडीच्या दोन्ही आरशांवर काळी चिकटपट्टी लावली. मागचं मला दिसणार कसं, असं मी विचारलं. तो म्हणाला, आजोबा, इथे मागचं बघायचंच नसतं, मागचा आपलं बघून घेतो.

मला काही ते पटलं नाही. तीस वर्षं मी मोटारसायकलवरून टपाल वाटलं. रस्त्यावर थोडं लक्ष आरशात ठेवलं तरच माणूस संध्याकाळी धडपणे घरी पोचतो. शिवाय माझ्या आरशाला आणखी एक काम होतं. माझी लेक चिंगी सात वर्षांची झाली तेव्हा मी तिला सायकल शिकवली आणि अठरा वर्षांची झाल्यावर गाडी. दोन्ही वेळा मी माझ्या गाडीवर पुढे आणि ती तिच्या गाडीवर मागे. आरशात तिचा चेहरा दिसला की मी निर्धास्त. पुढे खड्डा आला की त्या बाजूचा पाय बाहेर काढून मी तिला खूण करायचो. लगेच तीही पाय काढायची, मग तिच्या मागे कुणी असो वा नसो. उभ्या बसच्या आडून पोर धावत येणारच असं धरून चालायचं, हे मी तिला शंभरदा सांगितलं असेल. शंभरदा ती "हो बाबा" म्हणाली.

पुढे ती शर्यतीत उतरली आणि रस्ता सोडला तो सोडलाच. गेल्या सहा वर्षांत तिने रस्त्यावर गाडी काढली नव्हती. तिची आई टोमणा मारायची, बाईसाहेब ताशी दोनशेने पळतात आणि कोपऱ्यावरून दूध आणायला चालत जातात. त्यावर चिंगीचं उत्तर ठरलेलं होतं. ट्रॅकवर निदान सगळे एकाच दिशेने जातात.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी माझ्या मनगटाचा एक्स-रे बघून गाडी सोडायला सांगितली. मी महिनाअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. चिंगीला यातलं काही कळवलं नाही. फोनवर एवढंच म्हणालो, एकदा दोघं मिळून गाडी चालवू या, पूर्वीसारखी. ती म्हणाली, मग तुम्हीच इकडे या, रविवारी ट्रॅक सगळ्यांसाठी खुला असतो, वीस मिनिटं मिळतात. वीस तर वीस.

आता ती पुढे होती आणि मी मागे. पहिल्या फेरीत प्रत्येक आंधळ्या वळणावर मी वेग कमी केला. पलीकडे एखादा टेम्पो उभा असेल, ही धास्ती काही जाईना. ती सरळ पट्ट्यावर माझी वाट बघत रेंगाळायची. दुसऱ्या फेरीत मी तिच्याकडे नीट पाहिलं. वळण यायच्या कितीतरी आधी तिची मान वळलेली असायची. मग ती अलगद एका अंगाला उतरायची, गुडघा जमिनीला टेकेल इतकी, आणि गाडी पेन्सिलीने रेघ ओढावी तशी निघून जायची. यातलं काही मी तिला शिकवलं नव्हतं. दोनदा मी सवयीने आरशात बघितलं. दोन्ही वेळा काळी पट्टी.

तिसऱ्या फेरीत पुढे डांबराचा एक काळपट, खड्ड्यासारखा तुकडा दिसला आणि माझा पाय आपोआप बाहेर गेला. ट्रॅकवर पाय काढणं म्हणजे मी आता बाजूला होतोय, असं सांगणं. मागचा स्वार त्या समजुतीने दुसऱ्या अंगाने पुढे घुसला. मीही तुकडा चुकवायला नेमका तिकडेच वळलो. वीतभर अंतर राहिलं. पुढच्या कोपऱ्यावर झेंडेवाल्याने मला बाहेर काढलं. बारा मिनिटं शिल्लक होती.

मी कठड्याशी उभा राहिलो. चिंगी सरळ पट्ट्यावर आली आणि तिने मान वळवून मागे बघितलं. ट्रॅकवर तसं कुणी करत नाही. पुढच्या फेरीत पुन्हा बघितलं आणि मग ती आत आली.

"पाय काढलात ना?"

मी मान हलवली.

"पहिल्या दिवशी मीही काढला होता. याच झेंडेवाल्याने मला बाहेर काढलं." ती हसली आणि मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. "बाबा, मघाशी निघताना क्लच चार बोटांनी का ओढलात? तुम्हाला दोन पुरायची."

मी वयाचं कारण पुढे केलं. तिने माझं मनगट हातात घेऊन जरासं दाबलं आणि मी कळवळलो.

"किती दिवस आहेत अजून?"

"महिनाअखेरपर्यंत."

माझ्या आरशांवरच्या पट्ट्या तिने नखाने सोलून काढल्या. मग आपल्या मेकॅनिककडून त्याची रोजच्या वापरातली जुनी गाडी मागून आणली.

"मोठ्या चौकापर्यंत येते. त्यापुढे नका नेऊ, मला खरंच भीती वाटते."

मी हळू निघालो. आरशावर डिंकाचा ओरखडा राहिला होता, त्याच्या जरा खाली ती दिसत होती. खांदे आखडलेले, पाय जमिनीला टेकायच्या बेतात. उभ्या बसपाशी मी वेग कमी केला, तिनेही केला. पुढे खड्डा आला. मी पाय बाहेर काढला. आरशात तिचाही पाय बाहेर आला. तिच्या मागे कुणीच नव्हतं.

चौकात ती कडेला थांबली आणि हात वर केला. सिग्नल हिरवा झाला. आरशात ती लहान लहान होत गेली आणि मी पुढचा रस्ता सोडून तिकडेच बघत राहिलो. असं करू नये, हे मी चिंगीला आजवर शंभरदा बजावलं आहे.