सात बाटल्यांचा कुमसार

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी पनवेलच्या चर्चमध्ये कुमसाराला मोठी रांग लागते. वर्षभर फादरांना टाळणारी माणसंही ईस्टर जवळ आला की पापं सांगायला गुडघे टेकतात. रेमेदी डाबरे रांगेत नववी होती. घरातून निघताना नवऱ्याने, इनासने, विचारलं होतं, "कुमसाराला चाललीस की तोंडी परीक्षेला?" ती चपला घालून निघाली होती.

या उपवासकाळातला हा तिचा तिसरा प्रयत्न. आधी दोनदा ती फादरांपुढच्या जाळीपाशी बसली, सासूला उलट बोलले, एका शुक्रवारी मांस खाल्लं, असं सांगितलं आणि शेवटी सगळे म्हणतात ते वाक्य म्हणून उठली: "आणि जी आठवत नाहीत त्या सर्व पापांबद्दल क्षमा मागते." वाक्य फार सोयीचं होतं. लख्ख आठवणारी गोष्टही त्यात खपून जात असे.

ती गोष्ट अशी. रेमेदी वसईची, रसायनशास्त्राची पदवीधर. लग्नानंतर पनवेलला आली आणि धर्मराजशेठच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायला लागली. खाडीकाठच्या एका रंगाच्या कारखान्याला शेजारच्या पाड्यावरच्या विहिरीचा अहवाल दर दोन महिन्यांनी प्रदूषण मंडळाला दाखवावा लागे. कारखान्याचा माणूस बाटली भरून आणून देई. पहिल्याच बाटलीतलं पाणी तिने परीक्षानळीत घेतलं, त्यात औषधाचे चार थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं. म्हणजे पाण्यात क्लोरीन होता. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी असून खारटपणाही नाही. ते पाणी नळाचं होतं. विहिरीत कुणी ब्लीचिंग पावडर टाकत नव्हतं, हे तिने भामाबाईकडून काढून घेतलं होतं.

भामाबाई प्रयोगशाळेत काचसामान धुवायला यायची आणि त्याच पाड्यावर राहायची.

"आपण पाणी तपासतो मॅडम, माणसं नाही," धर्मराजशेठ म्हणाले होते. "वर लिहा, ग्राहकाने आणून दिलेला नमुना. खाली सही करा. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. रेमेदीने सही केली. चौदा महिन्यांत सात वेळा केली. मधे एकदा भामाबाईने बाटल्या विसळता विसळता विचारलं होतं, "आमच्या हिरीचा पानी बरा हाय ना, बाय?" तेव्हा रेमेदी म्हणाली होती, "रिपोर्ट चांगला आहे."

तिची पाळी आली. जाळीपलीकडे फादर पास्कोल होते, थकलेले, पण भल्या मनाचे. नेहमीची दोन पापं झाली तसे ते क्षमेची प्रार्थना म्हणायला लागले.

"फादर, थांबा. माझं झालेलं नाही."

तिने सांगितलं. तारखा सोडल्या, पण संख्या, प्रकार आणि कुणाविरुद्ध, हे तिन्ही सांगितलं. लहानपणी शिकवलेल्या पद्धतीनेच.

फादर जाळीच्या जवळ सरकले. मग म्हणाले, "अहवालातला एखादा आकडा बदललास?"

"नाही."

"नमुना तू आणलास?"

"नाही."

"मग पाप त्या आणणाऱ्याचं. तू नोकर माणूस. बाई, काही मनं फार चिकित्सक असतात. नसलेल्या पापाने स्वतःला छळणं हीसुद्धा एक चूक आहे. प्रायश्चित्त म्हणून पाच नमो मारिया म्हण आणि शांत मनाने जा."

"नसलेलं नाही, फादर. अहवालातला शब्द न् शब्द खरा होता आणि मी तो फसवण्यासाठी वापरला. भामाबाईने तोंडावर विचारलं तेव्हाही वापरला. एका शुक्रवारी मटण खाल्लं ते तुम्ही मोजलंत. हे का मोजत नाही?"

"आवाज हळू. मागे माणसं आहेत."

"पाच नमो मारियांनी ती विहीर बदलत नाही."

"प्रायश्चित्त काय द्यायचं हे पापी माणूस ठरवत नसतो."

"मान्य आहे. मग योग्य ते द्या."

पलीकडून खुर्ची करकरली. "तुझी नोकरी घालवू का मी? उद्या घरी काय सांगशील? देव एवढा कठोर नाही गं. पश्चात्ताप आहे ना? बस्स. पश्चात्तापाची प्रार्थना म्हण."

रेमेदीने सुरुवात केली. निम्म्यावर, 'पुन्हा पाप करणार नाही असा निश्चय करते' या ओळीपाशी ती थांबली.

"काय झालं?"

"सोमवारी आठवी बाटली येणार आहे. ही ओळ मी आत्ता कशी म्हणू?"

मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं.

"मग मला आज क्षमा नको," रेमेदी म्हणाली. "अर्ध्या कुमसारावर पूर्ण क्षमा घेतली तर ते माझं आणखी एक पाप होईल. आठ होतील."

ती उठली. क्षमा न घेता उठताना तिने कधी कुणाला पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिस्सात सगळे ख्रिस्तप्रसादाला गेले आणि क्षमेशिवाय तो घेता येत नाही म्हणून ती हातात झावळी धरून बाकावर बसून राहिली. सासू दोनदा वळून बघून गेली. रेमेदीनेही तिच्याकडे सरळ पाहिलं.

सोमवारी बाटली आली. चार थेंब, पिवळं. तिने अहवाल टाइप केला आणि शेवटी एक ओळ घातली: नमुन्यात क्लोरीन आढळला, हे पाणी सदर विहिरीचे नाही.

धर्मराजशेठनी चष्मा लावून वाचलं. "ही ओळ ग्राहकाने मागितलेली नाही."

"माहीत आहे."

"काढा."

"नाही काढत."

"मग सही मी दुसऱ्याकडून घेतो. कागदावर सही करणारी माणसं पनवेलमध्ये कमी नाहीत."

"घ्या. पण याची कार्बन कॉपी माझ्यापाशी आहे."

"आणि उद्यापासून?"

"उद्यापासून तुम्ही दुसरं माणूस बघा. मी यायची नाही."

ती मागच्या मोरीपाशी गेली. भामाबाई उकिडवी बसून चंचुपात्रं घासत होती. रेमेदी तिच्यासमोर जमिनीवरच बसली आणि पहिल्या बाटलीपासून आठवीपर्यंत सगळं सांगितलं. भामाबाईचा हात फिरायचा थांबला.

"मी इचारला तवा तुमाला ठावं व्हता?"

"हो."

"माझी नात वरीसभर अंग खाजवतेय. आमी देवीला नारळ फोडला, भगत केला. आन् तुमी रोज माझ्यासमोर बसून चहा पीत व्हता."

"हो."

"शिकलेली बाय, म्हनून तुमाला इचारला. नायतर त्या शेठला नसता इचारला?"

"माझं चुकलं" हे शब्द रेमेदीने म्हटले. रविवारच्या मिस्सात छातीवर हात मारून म्हणतात त्यापेक्षा ते फार छोटे वाटले.

"माफीबिफी माझ्याजवल नाय आता," भामाबाई म्हणाली. तिने हात पदराला पुसले. "ती रिकामी बाटली घ्या आन् चला."

रिक्षाने खाडीपर्यंत, पुढे मिठागराच्या बांधावरून पायी. भर दुपारी विहिरीवर बायका कपडे धूत होत्या. रेमेदीने पोहऱ्याने पाणी ओढलं, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, गळ्यापर्यंत भरली, बूच घट्ट लावलं. मग तिने दुसरा थोडा नमुना बरोबर आणलेल्या परीक्षानळीत घेऊन त्याच औषधाचे चार थेंब टाकले. पाणी पिवळं झालं नाही. त्याला आधीच फिकट जांभळी झाक होती.

"ही कोन गो?" एकीने विचारलं.

"आमच्या हाफिसातली बाय," भामाबाई म्हणाली. "तुमाला कायतरी सांगायचा हाय तिला. मी नाय सांगनार. तिनंच सांगायचा."

रेमेदीला वाटलं होतं, भामाबाईला सांगितलं म्हणजे झालं. ते झालेलं नव्हतं. समोर बारा-पंधरा बायका होत्या, कमरेवर हात ठेवलेल्या, आणि प्रत्येकीच्या घरात त्या विहिरीचा हंडा होता. तिने बाटली कठड्यावर ठेवली.

"मी तुमच्या विहिरीबद्दल सात वेळा खोटं बोलले," तिने सुरुवात केली.

"मोठ्यानं सांग," मागची एक म्हातारी म्हणाली. "हितं ऐकू नाय येत."

रेमेदीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्याने.