फिकट बाजीराव

“झाला बरा,” म्हणत नवनाथने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, आणि तेवढ्यात कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आणखी एक बाजीराव उगवला.

नवनाथने स्क्रूड्रायव्हर पुन्हा बाहेर काढला. त्याचं तसं काही काम नव्हतं. सकाळपासून एकही स्क्रू उघडला गेला नव्हता. पण तो हातात असला की गिऱ्हाइकाला धीर येतो, असं नवनाथचं मत होतं. आपण काही बोललोच नव्हतो असा चेहरा करून तो खुर्चीत सरळ बसला. जानकाबाईंनीही काही ऐकलं नव्हतं. तोंड गोड करायला वाटीत काढलेली साखर त्यांनी आत नेऊन परत डब्यात ओतली.

“कुठवर आलंय?” त्यांनी आतूनच विचारलं.

“आता सुरुवात करतोय, मावशी.”

बाजीराव म्हणजे जानकाबाईंचे मालक. मागच्या दिवाळीनंतर घशाच्या दुखण्याने गेले. कळंबपासून नारायणगावपर्यंतच्या बौद्ध वस्त्यांमधली लग्नं तेच लावत. आपल्या पोरीचं, प्रज्ञाचं, लग्नही मीच लावणार, हे ते प्रज्ञा पाळण्यात असल्यापासून सांगत आले होते. मग घसा बसायला लागला. तेव्हा त्यांनी बाहेरच्या दाराला आतून कडी घालून, माइक तोंडापुढे धरून अख्खं लग्न कॉम्प्युटरमध्ये लावून ठेवलं. त्रिशरण, पंचशील, मंगल गाथा, शेवटचा आशीर्वाद. नवरा अजून ठरला नव्हता, म्हणून त्याच्या नावाच्या जागी थोडा वेळ गप्प बसले.

हे सगळं एका फोल्डरमध्ये घालून त्यांनी त्याला स्वतःचं नाव दिलं. ती त्यांची सवयच होती. बाजारातून नवं भांडं आलं की चुलीवर चढायच्या आधी त्याच्यावर नाव कोरून घ्यायचे. “नाव घातलं की भांडं कुणाच्याबी कार्याला जाऊ द्या, फिरून घरी येतं,” म्हणायचे.

येत्या रविवारी प्रज्ञाचं लग्न होतं. नवरा ठरला होता. पत्रिका छापायला प्रज्ञा पेन ड्राइव्ह घेऊन नारायणगावला गेली होती. पत्रिका छान आली. पेन ड्राइव्ह मात्र आजारी होऊन आला.

“हा व्हायरस ज्या फोल्डरला गिळतो त्याचं नाव घेऊन हिंडतो,” नवनाथने समजावलं. “वरून दिसतो हुबेहूब. उघडायला गेलं की आणखी एक जन्माला येतो. आत काहीच नसतं.”

“आणि खरं फोल्डर?” प्रज्ञाने विचारलं.

“तेच हुडकतोय की.”

उंबऱ्यात चपला वाजल्या. पंचायतीतला क्लार्क संपत दारातच उभा राहिला. आत येऊ की नको, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“जयभीम, वहिनी. बाजीरावभाऊ आमच्या हापिसात आलेत.”

जानकाबाई बाहेर आल्या. “कवा?”

“प्रज्ञा रहिवासी दाखल्याला आलती ना पेन ड्राइव्ह घेऊन, तवापासनं. घरपट्टीत तेच, पाणीपट्टीत तेच. जन्म-मृत्यूच्या नोंदीत पण तेच.”

“मृत्यूत असणारच की, काका,” प्रज्ञा म्हणाली.

“अगं, जन्मात पण आलेत!” संपतने कपाळ पुसलं. “ग्रामसेवक म्हणतात, घेऊन जा म्हणावं त्यांना. तेवढ्यानं भागलं असतं तर ठीक. आमच्या हितनं एक मास्तर पेन ड्राइव्ह भरून घेऊन गेला. आता तळेघरला पोचलेत.”

“तळेघरला?” जानकाबाईंना पहिल्यांदाच आश्चर्य वाटलं. “जिते असताना म्हनायचे, त्या घाटात मला गाडी लागती. सोयरिकीला बोलावलं तरी गेले न्हाईत.”

संपतने आवाज खाली आणला. “वहिनी, राग मानू नका. पण माणूस असा जागोजागी दिसायला लागला म्हंजे… कुणाला तरी दाखवायचं का?”

“भूत म्हनू नका, संपतभाऊ. त्यांना पटायचं न्हाई.”

ते खरं होतं. भूत असतं तर मतदार यादीत सापडलं असतं, असं बाजीराव चारचौघांत सांगायचे. संपत मतदार यादीचं काम करायचा. त्याने विषय सोडला आणि चपला काढून आत आला.

“सापडले!” नवनाथ ओरडला.

सगळे कॉम्प्युटरभोवती गोळा झाले. लपवलेलं दाखव, असा हुकूम नवनाथने मशीनला दिला होता, आणि मशीनने तो पाळला होता. ठसठशीत पिवळ्या बाजीरावांच्या गर्दीत एक बाजीराव फिकट होता. मागचा पांढरा रंग त्याच्यातून आरपार दिसत होता.

“हा खरा,” नवनाथ म्हणाला. “बाकी सगळे तोतये.”

“खरा आसून असा?” संपतने विचारलं.

“लपवलेला असला की असाच दिसतो.”

जानकाबाईंनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. “शेवटी शेवटी असेच दिसत व्हते,” त्या म्हणाल्या आणि पदराने स्क्रीनवरची धूळ पुसली. फक्त तेवढ्याच जागेवरची.

प्रज्ञाने फोल्डर उघडलं, आतली एकुलती एक फाईल लावली. आधी खुर्ची करकरली. मग खाकरणं. मग घोगरा, सावकाश आवाज सुरू झाला, आणि खोलीतल्या माणसांनी न ठरवता हात जोडले. नवनाथनेही जोडले, स्क्रूड्रायव्हर मध्ये आला तो तसाच राहिला.

पंचशील होत आलं तेव्हा आवाज अडकला. खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ चालली. मग माइकपासून जरा लांबून शब्द आले :

“जानका, पाणी आण गं.”

जानकाबाई उठल्या आणि आत गेल्या.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. आतून माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. कॉम्प्युटरमधूनही आला. आधी कुठला, ते कळलं नाही.

“थांबवा,” प्रज्ञा घाईने म्हणाली आणि स्वतःच फाईल बंद केली. “आई येऊ दे. तिचं ऐकायचं राहील.”

“मग तेवढ्यात तोतये काढून घेतो,” नवनाथ म्हणाला. “लाईट जायच्या आत उरकू.”

त्याने शोधायच्या चौकटीत नाव घातलं. मशीनने एकेक करत सगळे बाजीराव आणून समोर उभे केले. स्क्रीन भरली, खाली सरकली, परत भरली. नवनाथने सगळ्यांना एका दमात निवडलं. कायमचं पुसायचं, खात्री आहे का, असं मशीनने विचारलं. नवनाथला खात्री नेहमीच असायची.

स्क्रीन धुतल्यासारखी स्वच्छ झाली.

जानकाबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. पेल्यावर नाव कोरलेलं होतं. त्यांनी तो कीबोर्डच्या शेजारी ठेवला आणि खाली बसल्या.

“लाव,” त्या म्हणाल्या.

प्रज्ञाने पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं, मग नवनाथकडे पाहिलं. नवनाथ स्क्रीनकडे पाहत होता. खरा फिकट होता खरा, पण लपवलेलंही दाखव हा हुकूम त्याने मागे घेतला नव्हता, आणि नाव सगळ्यांचं एकच होतं.

लाईट गेली. त्याबद्दल नवनाथने आयुष्यात पहिल्यांदाच वीज मंडळाचे मनातल्या मनात आभार मानले.

दुपारी लाईट आली तेव्हा तो पुसलेलं परत आणणारी सीडी घालून बसला. जेवायला उठला नाही. बाजीराव परत आले. भरपूर आले. सगळे ठसठशीत. त्याने ते एकेक उघडून पाहिले आणि एकेक करून पुसले, या खेपेला प्रत्येकाकडे नीट बघून. संध्याकाळी शेवटचा गेला. कॉम्प्युटर आता पूर्ण बरा झाला होता. नवनाथ तसं बोलला नाही.

“हितनं जे भायेर गेलेत,” जानकाबाईंनी विचारलं, “त्यांच्यात येखादा खरा आसंल ना?”

प्रज्ञा काही बोलणार होती. नवनाथने कॉम्प्युटरच्या मागचा एक स्क्रू सोडवला आणि परत घट्ट बसवला. दिवसभरातला पहिलाच.

“असू शकतो, मावशी,” तो म्हणाला.

जानकाबाई तशाच संपतच्या घरी गेल्या. नाव घातलेलं भांडं दुसऱ्याच्या घरात राहिलं की जाऊन सांगावं लागतं, मग ते येतं, असं त्यांनी त्याला समजावलं. संपतने दुपारीच नवनाथला पुसायची रीत विचारून पंचायतीतले सगळे बाजीराव पुसले होते. तळेघरलाही फोन केला होता. तिथल्यांनीही पुसले होते. यातलं तो काही बोलला नाही. त्याने कोरा कागद घेतला, ‘कै.’ लिहिलं, बाजीरावांना कैलास पटायचा नाही हे आठवून खोडलं, आणि जानकाबाई सांगत गेल्या तसं सरकारी भाषेत बसवत गेला. दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला :

“जाहीर विनंती. सर्व कार्यालये, शाळा, झेरॉक्स केंद्रे व खासगी संगणकधारक यांना कळविण्यात येते की, कालकथित बाजीराव सावळेराम हे आपल्या संगणकावर आढळून आल्यास त्यांना पुसू नये. रविवारच्या मंगल परिणयापूर्वी त्यांना आहे त्या स्थितीत घरी पोच करावे. नाव घातलेले आहे. ओळखीची खूण : रंगाने फिकट असून मध्येच पाणी मागतात. मागितल्यास कृपया देण्यात यावे.”