पान एक्केचाळीसवरची दुरुस्ती

आराखडा कक्षात थोरलीला सगळे ‘स्वल्पविराम मॅडम’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. देशाचा जैवविविधता कृती आराखडा, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत कोणती जंगलं, कुरणं, पाणथळी राखायची आणि माणसांनी ती किती नि कशी वापरायची हे ठरवणारं जाडजूड पुस्तक, तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. खाती आपापली प्रकरणं पाठवत आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नसे. ज्या दलदलीतून शेतीखातं कालवा काढायला निघालेलं, तीच दलदल वनखात्याने पक्ष्यांसाठी राखून ठेवलेली. हे सगळं सांधायचं काम थोरलीचं. एकोणीस वर्षं ती ते करत होती आणि पुस्तकात तिचं नाव कुठेही येत नसे.

या खेपेला पाणथळींच्या प्रकरणासाठी तज्ज्ञ म्हणून तिची सख्खी धाकटी बहीण नेमली गेली.

आईने फोनवर बातमी दिली तीच मुळी अशी, की धाकटीला तुझ्या ऑफिसात मानाने बोलावलंय म्हणे, जरा तिच्या चहापाण्याचं बघ. थोरलीने “बघते” म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पाच मिनिटं एकच ओळ वाचत बसली.

ज्या मोठ्या तळ्यावरच्या कामामुळे धाकटीचं नाव झालं, ते आधी थोरलीचं होतं. ती संशोधन करत होती तेव्हा नऊ वर्षांनी लहान असलेल्या धाकटीला सायकलवर डबलसीट घेऊन जायची, दुर्बीण तिच्या हातात द्यायची, पाणकोंबडी कुठली नि बदक कुठलं ते शिकवायची. दुसऱ्या वर्षी कायमच्या नोकरीचं पत्र आलं आणि थोरलीने संशोधन सोडलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. वडील तर म्हणाले होते, घाई करू नकोस. त्यामुळे दोष द्यायला आज कुणी सापडत नव्हतं, आणि तेच जास्त जाळत होतं. पुढे धाकटी त्याच तळ्यावर अकरा वर्षं राहिली. तिचे लेख परदेशात छापून आले, वर्तमानपत्रात गुडघाभर चिखलात उभी असतानाचा फोटो आला. आईने तो फ्रिजवर लावला. थोरली माहेरी गेली की पाण्याची बाटलीसुद्धा दुसऱ्या कुणाला काढायला सांगायची.

धाकटीच्या पहिल्या मसुद्यात पान एक्केचाळीसवर एक वाक्य होतं: तळ्यातल्या लव्हाळ्यांच्या कापणीवर संपूर्ण बंदी घालावी. तळ्याकाठच्या तीनेकशे बायका ते लव्हाळे कापून चटया विणत. हरकती आणि दुरुस्त्यांची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची होती. चार वाजून दहा मिनिटांनी थोरलीच्या संगणकावर धाकटीची मेल आली.

“ताई, माझं चुकलं होतं. घरट्यांच्या अकरा वर्षांच्या नोंदी पुन्हा लावून पाहिल्या. बायका जिथे कापतात तिथे मधे मोकळं पाणी राहतं आणि पाणकोंबड्या तिथेच घरटी करतात. न कापलेल्या भागात लव्हाळे इतके दाटतात की पक्षी फिरकत नाही. बंदी काढ. पाळीपाळीने कापणी, असं घाल. तक्ता जोडलाय. तुझ्याइतकं नेटकं मला लिहिता येत नाही, वाक्य तूच कर.”

थोरलीने तक्ता उघडला. काम उत्तम होतं. इतकं स्वच्छ, की तिला खोडायला काही सापडेना. स्वतःची चूक स्वतः शोधून काढणारी, वर ती कबूल करणारी. आणि शेवटच्या ओळीतलं ते कौतुक तिला उष्ट्यासारखं वाटलं. तिने मेल बंद केली. करू सावकाश, असं स्वतःला म्हणत इतर कागद हातावेगळे केले. पाच वाजले. मसुदा गोठवायचं बटण तिनेच दाबलं. घरी जाताना रस्त्यात तिला हलकं हलकं वाटत होतं आणि त्या हलकेपणाची लाजही वाटत होती.

मंगळवारी समितीची बैठक भरली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते आणि मुदत या शब्दावर त्यांचा भारी जीव. चटयांवाल्या बायकांच्या गटाची प्रमुख दोन बस बदलून आली होती. तिने पान एक्केचाळीस वाचलं, चष्मा काढला आणि धाकटीला म्हणाली की पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही आमच्या ओट्यावर बसून कापणी चांगली म्हणालात आणि इथे बंदी लिहिलीत. असं दोन तोंडांनी का बोललात?

धाकटीने पान पाहिलं. मग मान वर करून थोरलीकडे पाहिलं. थोरली पेनाचं टोपण लावत होती. “बंदी काढायचीच होती, तशी दुरुस्ती केली होती मी,” धाकटी म्हणाली.

अध्यक्षांनी विचारलं, की दुरुस्ती होती तर मुदतीत का पाठवली नाही. मुदतीनंतरचं काही घेता येणार नाही, बंदी तशीच राहील, पुढचा फेरविचार पाच वर्षांनी.

“माझ्याकडून उशीर झाला,” धाकटी म्हणाली. “चूक माझी आहे.”

थोरलीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या अंगाचा भडका उडाला. म्हणजे आता हेही हिचंच. नाव हिचं, तळं हिचं, आणि मोठं मनही हिचंच. जन्मभर हिच्या उपकाराखाली राहायचं, आणि ते हिने कधी बोलूनही दाखवायचं नाही. समोर ती चटयांवाली बाई कागदाची घडी घालत होती, अगदी सावकाश, कडेला कड जुळवून.

“दुरुस्ती मुदतीत आली होती,” थोरली म्हणाली. “शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी. मी वाचली आणि घातली नाही.”

अध्यक्षांनी कारण विचारलं. ती म्हणाली, कारण कार्यालयीन नाही. त्यांनी मेल पडद्यावर लावायला सांगितली, वेळ दोनदा वाचली आणि दुरुस्ती दाखल करून घेतली. बंदी गेली. इतिवृत्तात थोरलीच्या नावापुढे तीन ओळी आल्या. एकोणीस वर्षांत तिचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते असं.

जिन्यात धाकटीने तिला गाठलं.

“का केलंस, ताई?”

“जळते मी तुझ्यावर. आजची गोष्ट नाही.” मग थोरलीचा आवाज चढला. “आणि तू काय केलंस? मला वाचवायला तीनशे बायकांची कापणी पाच वर्षं घालवायला निघालीस?”

धाकटी कठड्याला टेकली. त्या क्षणी तिला दुसरं काही सुचलं नव्हतं, ताईची नोकरी जाईल एवढंच डोळ्यांसमोर आलं, असं ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि वळून न बघता खाली उतरली.

थोरलीची बदली नोंदणी शाखेत झाली. तिथे आलेल्या पत्रांवर शिक्के मारायचे, बस्स. दोन महिने बहिणी बोलल्या नाहीत. आई दोघींना आळीपाळीने फोन करून एकीची खुशाली दुसरीला सांगत राहिली.

मग एका शनिवारी सकाळी धाकटी दारात उभी. चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं, पण खरा विषय निघेना. शेवटी तिने सांगितलं. कापणीचं वेळापत्रक आता बायकांबरोबर बसून लिहायचं होतं, कुठला पट्टा कोणत्या वर्षी, कोणी, किती. आणि गटाच्या प्रमुख बाईने कळवलं होतं की आमच्याकडून लिहायला बैठकीत ज्या खरं बोलल्या त्या बाई हव्यात.

“अकरा वर्षं मी त्यांच्यात उठले-बसले,” धाकटी कपाकडे बघत म्हणाली. “त्यांच्या बाळंतपणांना दवाखान्यात धावले. आणि त्या तुला मागतात. तू त्यांना एकदा, जेमतेम तासभर दिसलीस.”

तिचे ओठ घट्ट मिटले होते, हनुवटी किंचित पुढे आली होती. थोरलीने तो चेहरा ओळखला. बरीच वर्षं ती तो आरशात बघत आली होती. तिला हसू आलं नाही, आनंदही झाला नाही. खरं तर थोडा झाला, पण टिकला नाही.

“झोंबतंय?” तिने विचारलं.

“खूप.”

“झोंबू दे. लगेच नाही जात ते.” थोरलीने तिचा कप पुन्हा भरला. मग गेल्या तीन वर्षांत कोणकोणते पट्टे कापले गेले ते तिने विचारलं. धाकटीने जरा वेळ लावला, पण पिशवीतून नकाशा काढून टेबलावर पसरला, आणि थोरलीने तो सरळ दिसावा म्हणून खुर्ची उचलून तिच्या बाजूला नेली.