श्वास धरा म्हटल्यावर बोलणारा माणूस

मी एको मशीनचा प्रोब बोलतोय, शिवाजीनगरातल्या एका दवाखान्यातला. मुठीत मावेन एवढाच मी, मागं लांबलचक वायर. काहींना शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावायची खोड असते ना, तशी मला बरगड्यांच्या फटीत. गार जेल लावून टेकवलं, की आतलं हृदय पडद्यावर हजर!

डॉक्टर सुचेता अभ्यासासाठी त्यात एकच गोष्ट बघायच्या. हृदय नुसतं आवळत नाही हो, ओलं धोतर पिळावं तसं स्वतःला पिळतं. ते कुठं कमी पडतं, हे मोजायचं तर माणसानं क्षणभर श्वास धरून गप्प पडायला हवं.

रघुपतीअण्णांना नेमकं तेच जमेना. डाव्या कुशीवर झोपवून "श्वास धरा" म्हटलं, की त्यांना काहीतरी आठवायचंच.

"अगं अहल्या, चप्पल बाहेर काढलीस? कुत्रं नेईल हं!"

"अहो, स्वल्प गप्प पडा की! नेलं तर नेलं."

चित्र हललं. तीनदा घेतलं, तीनदा हललं. डॉक्टरांनी हसत हसत त्यावर 'अभ्यासाला निरुपयोगी' अशी खूण केली.

दसऱ्यानंतर अहल्याक्का एकट्याच आल्या. अण्णा गेले होते. जुनं मशीन उद्या नव्याच्या बदल्यात जाणार, आतलं सगळं पुसणार, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"डॉक्टरम्मा, यांचं हृदय आहे ना तुमच्याकडं? एकदा दाखवा."

"अक्का, ते खराब आलंय हो."

"असू दे. माणूस तरी कुठं सरळ होता!"

डॉक्टरांनी लावलं. आवाज नाहीच. नुसतं करडं हृदय, पिळतंय, सुटतंय. मग एकदम डचमळलं. अक्कांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"इथं 'अगं' म्हणाले. आणि हे बघा... हे 'कुत्रं'."

डॉक्टरांनी पुन्हा लावलं, मग पेनड्राइव्हमध्ये घालून दिलं. अक्कांनी तो पदराच्या गाठीत बांधला.

मशीन गेलं. माझी वायर चिरलेली, म्हणून मी खणातच राहिलो. पलीकडं नवा प्रोब काम करतो. "श्वास धरा" एवढं ऐकू येतं, आणि सगळे शहाण्यासारखे गप्प.

बाबांनो, डॉक्टरांचं ऐकाच. पण एखाद्यानं तरी मध्येच चपलेची चौकशी करावी, म्हणून मी अजून कान देऊन पडलोय.